काट्याच्या डॉस मशीनवर टीएसआर बसत नाहीत, किंवा बसून भांडतात: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या बाबूंसाठी आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो आहे. यवतमाळ-वर्धा पट्ट्यात अजून काही ठिकाणी डॉसवरची (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरची) मशीनं रोजच्या कामात आहेत. काट्याचा प्रोग्राम लिहिणारा माणूस कधीचाच पुण्याला निघून गेलेला असतो, प्रोग्राम मात्र इमानाने चालतो, म्हणून शेठही बदलत नाहीत. दिवाळी झाली, कापूस यायला लागला, की फोन सुरू: "भाऊ, पावतीच निघून नाही राह्यली." बहुतेक वेळा बिघाड, मशीन चालू होताना डॉस वाचतं त्या दोन छोट्या फाइलींमधल्या (ऑटोएक्झेक.बॅट आणि कॉन्फिग.सिस) ओळींच्या क्रमात असतो आणि विकत काहीच आणावं लागत नाही.

आदेश आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची; स्मार्टड्राइव्हसाठी SMARTDRV आणि चेकडिस्कसाठी CHKDSK.

लक्षणं

मशीन चालू होताना जे प्रोग्राम मेमरीत जाऊन तिथेच राहतात, म्हणजे टीएसआर, ते काट्याच्या मशीनवर साधारण असे असतात: काट्याच्या डिस्प्लेकडून वजन वाचणारा, मराठी अक्षरं दाखवणारा, माउसचा, डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह, आणि सवयीने टाकलेला डॉसकी. यांच्यात बिघडलं की यातलं काहीतरी दिसतं:

- मुख्य प्रोग्राम सुरू करताच "प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी".
- चालू होताना टीएसआर बसत नाही, पण नंतर हाताने नाव टाइप केलं की बसतो.
- पडद्यावर "बॅड कमांड ऑर फाइल नेम" झर्रकन येऊन जातं.
- चालू होताना दरवेळी एकाच जागी मशीन थिजतं.
- सगळं नीट चालतं, पण माउस हलवला की वजनाचा आकडा गोठतो.
- "इंटर्नल स्टॅक ओव्हरफ्लो, सिस्टिम हॉल्टेड".
- मेमरी मोकळी केल्यावर उलट "पॅक्ड फाइल इज करप्ट".
- लाइट गेली-आली की शेवटच्या काही पावत्या गायब.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी सगळं सोडून आधी स्मार्टड्राइव्हचा भाग वाचा. त्यात पैसे बुडतात.

हात लावण्याआधी

पावतीपुस्तक काढा आणि वजनं हाताने लिहायला लावा. भरलेल्या गाडीचं वजन झालं आहे आणि रिकामीचं व्हायचं आहे, अशा प्रत्येक गाडीचा आकडा आधी कागदावर. मशीन नंतर.

मग ऑटोएक्झेक.बॅट आणि कॉन्फिग.सिस या दोन्ही फाइलींची वेगळ्या नावाने नक्कल करा. चालू होणारी एक फ्लॉपी हाताशी हवीच, कारण कॉन्फिग.सिस बिघडली तर हार्डडिस्कवरून मशीन वर येईलच असं नाही. फ्लॉपी पावसाळ्यात कपाटात पडून राहिली असेल तर तिच्यावर बुरशी आहे का ते उजेडात धरून बघा. बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हचं डोकं खराब करते आणि मग चांगल्या फ्लॉपीही जातात. फाइल बदलायची ती डॉसच्या एडिटनेच. वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून सेव्ह केली की आत नको ती चिन्हं घुसतात.

१. ओळीओळीने चालू करून बघा

"स्टार्टिंग एमएस-डॉस" ही अक्षरं दिसली की लगेच एफ८ दाबा. मशीन एकेक ओळ विचारत पुढे जातं आणि कुठे अडकतं ते डोळ्यांनी दिसतं. एफ५ दाबलं तर दोन्ही फाइली पूर्ण टाळून मशीन उघडं वर येतं. एफ५ ने आलेलं मशीन नीट वागत असेल तर तुमचा बिघाड याच दोन फाइलींत आहे, हार्डवेअर उघडायची घाई नको.

ही सोय एमएस-डॉस ६ पासूनची, म्हणजे १९९३ पासूनची. ६.० मध्ये कॉन्फिग.सिसच्या ओळी एकेक विचारल्या जातात, पण ऑटोएक्झेक मात्र घ्यायची की नाही एवढंच एकदम विचारतात. ६.२ पासून तीही ओळीओळीने. डॉस ५ असेल तर ऑटोएक्झेकच्या वरची "@एको ऑफ" ही ओळ तात्पुरती काढा आणि संशयाच्या ओळीनंतर "पॉज" टाका.

२. तारीख बघा

"डेट" टाइप करा. १९८० दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला. टीएसआरशी त्याचा संबंध असा, की सेल गेला की बायोसमधल्या (मशीनच्या मूळ मांडणीच्या) नोंदी मूळ जागी परततात आणि त्यात सिरियल पोर्टची मांडणीही येते. मग वजन वाचणारा टीएसआर ज्या पोर्टवर वाट बघतो तो पोर्ट तिथे नसतोच. नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असेल तर गावातही मिळतो, किंमत किरकोळ. जुन्या ३८६-४८६ बोर्डांवर मात्र डाग दिलेला, पिंपासारखा निळा सेल असतो. तो गळला की बोर्डावरच्या तारा खातो. पांढरा-हिरवा थर दिसला तर हात न लावता थांबा, ते सोल्डरिंगचं काम आहे.

३. "कॉल" राहिलं आहे का?

"हाताने टाकलं की चालते, आपोआप नाही चालत" या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच बघतो.

ऑटोएक्झेकमधून दुसरी बॅट फाइल (आदेशांच्या ओळींची फाइल) नुसत्या नावाने बोलावली, तर डॉस तिकडे जातं आणि परत येत नाही. तिच्याखालच्या सगळ्या ओळी वाचल्याच जात नाहीत. कोणी नेटवर्कसाठी किंवा बॅकअपसाठी मध्येच एक बॅट फाइल टाकून गेलेला असतो, आणि त्याच दिवसापासून तिच्याखालचे माउस, मराठी, काटा सगळे बंद. चूक मात्र कुठेच छापून येत नाही, कारण डॉसच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. उपाय एका शब्दाचा: त्या नावाच्या आधी "कॉल" लिहा.

याचीच जुळी बहीण म्हणजे शेवटची ओळ. काट्याच्या मशीनवर ऑटोएक्झेकच्या शेवटी मुख्य प्रोग्रामचा मेनू सुरू होतो. पुढे कोणी नवीन काही बसवलं की त्याचा इन्स्टॉलर आपली ओळ फाइलच्या अगदी तळाशी चिकटवतो, म्हणजे मेनूच्या खाली. ती ओळ मेनूतून बाहेर पडल्यावरच चालणार, म्हणजे रात्री मशीन बंद करताना! नवीन ओळी उचलून मेनूच्या वर आणा.

तिसरी गोष्ट, कॉन्फिग.सिसमधली "शेल" ही ओळ. तिच्यात कमांड.कॉमच्या पुढे "/पी" नसेल तर ऑटोएक्झेक चालतच नाही. कोणी ओळ आवरताना ते खोडलेलं असतं.

४. पूर्ण पत्ता

"बॅड कमांड ऑर फाइल नेम" म्हणजे डॉसला ती फाइल सापडली नाही. "पाथ"ची ओळ (फाइली कुठे कुठे शोधायच्या ती यादी) टीएसआरच्या खाली असेल तर तो टीएसआर चढण्याच्या वेळी पाथ रिकामाच असतो. प्रत्येक टीएसआरचा पूर्ण पत्ता लिहा, "सी:\काटा\वजन.कॉम" असा. मग पाथवर अवलंबून राहावं लागत नाही.

पूर्ण पत्ता लिहिला की आणखी एक फायदा उकळता येतो. प्रत्येक टीएसआर स्वतःबरोबर त्या क्षणीच्या "सेट" आणि "पाथ"च्या मजकुराची एक प्रत मेमरीत घेऊन बसतो. म्हणून टीएसआर वर आणि "सेट"च्या लांबलचक ओळी खाली ठेवल्या तर थोडी जागा वाचते. फार नाही, पण अडलेल्या वेळी पुरते. अर्थात एखादा टीएसआर स्वतःच एखादं "सेट" वाचत असेल तर ते त्याच्या आधीच हवं.

५. मेमरी कुठे गेली ते मोजा

"मेम /सी" टाइप करा, पडदा पळून जात असेल तर शेवटी "/पी"ही लावा. डॉस ५ वर "/पी" पडदा थांबवत नाही, तिथे "मेम /सी | मोर". खाली "लार्जेस्ट एक्झिक्युटेबल प्रोग्राम साइझ" हा आकडा येतो. तुमच्या मुख्य प्रोग्रामला मिळणारी सलग जागा म्हणजे हाच आकडा.

इथे एक खर्च वाचवतो. "प्रोग्राम टू बिग" दिसलं की शेठ म्हणतात, "रॅम टाकून द्या जी." मशीनमध्ये १६ एमबी असू द्या नाहीतर ६४, साधा डॉस प्रोग्राम चालतो तो पहिल्या ६४० केबीतच. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमधल्या ८०८८ प्रोसेसरला एकूण १ एमबीपर्यंतचेच पत्ते माहीत होते. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि बायोस यांच्यासाठी राखले गेले. उरले ते ६४०, आणि डॉस, ड्रायव्हर, टीएसआर, काट्याचा प्रोग्राम सगळे त्यातच दाटीवाटीने. नवीन रॅम त्या हद्दीच्या पलीकडे जाऊन बसते.

करायचं ते हे, की राखीव ३८४ केबीत ज्या मोकळ्या फटी असतात तिथे टीएसआर सरकवायचे. त्यासाठी ३८६ किंवा पुढचा प्रोसेसर, डॉस ५ किंवा पुढची आवृत्ती, आणि कॉन्फिग.सिसच्या अगदी वर या तीन ओळी, याच क्रमाने:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी

हायमेम आधी नसेल तर ईएमएम३८६ ला पाय ठेवायला जागा नसते. तिसरी ओळ डॉसचा स्वतःचा बराचसा भाग १ एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत नेते आणि वरच्या फटी वापरायला मोकळ्या करते. "नोईएमएस" ऐवजी "रॅम" लिहिलेलं सापडलं तर ६४ केबीची एक चौकट अडवलेली असते. मुख्य प्रोग्राम ईएमएस मेमरी (त्या चौकटीतून तुकड्यातुकड्याने वापरायची जादा मेमरी) वापरत असेल तर ती राहू द्या, नसेल तर "नोईएमएस" करून ती जागा परत घ्या. मग ड्रायव्हरच्या ओळी "डिव्हाइसहाय" करा, ऑटोएक्झेकमधल्या टीएसआरच्या आधी "एलएच" लावा.

"एलएच" लावलं म्हणजे प्रोग्राम वर गेला असं धरून चालू नका. फट पुरली नाही तर डॉस काही न बोलता त्याला खालीच बसवतं. पुन्हा "मेम /सी" करून खात्री करा. शिवाय कित्येक टीएसआर चढताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर थोडीच ठेवतात. ७ केबीत राहणारा चढताना ३० केबी मागू शकतो, आणि तेवढी सलग फट नसेल तर तो खाली जातो. त्यामुळे सगळ्यात मोठा आधी, लहान नंतर. फटी एकमेकींना जोडता येत नाहीत. डॉस ६ मधला मेममेकर ही जुळवाजुळव आपोआप करतो आणि साध्या मशीनवर बरी करतो. काट्याच्या मशीनवर मला हातानेच करणं बरं वाटतं, कारण मराठीचा जुना ड्रायव्हर आणि वजनाचा टीएसआर यांचा एकमेकांशी असलेला क्रम मेममेकरला माहीत नसतो.

आणि नको ते काढा. काट्यावर डॉसकी कोण वापरतो? माउस कशाला, पावती तर एंटरवर निघते. "शेअर", "फास्टओपन", डॉस ६ चा "व्हीसेफ", यांच्यापुढे "रेम" लावून दोन दिवस बघा. कोणाची आठवण आली नाही तर राहू द्या तसंच.

६. जागा आहे, तरी भांडतात

टीएसआर जिवंत राहतो तो इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारी सूचना, अडवून. कळ दाबली की सूचना ९ क्रमांकाच्या इंटरप्टवर येते, घड्याळाचा ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा ८ क्रमांकावर. प्रत्येक टीएसआर तिथे आधीच्याचा पत्ता काढून स्वतःचा लिहितो आणि काम झालं की आधीच्याकडे सोपवतो. म्हणजे जो शेवटी बसला त्याला कळ आधी मिळते. त्याने ती पुढे सोपवलीच नाही तर खालचे उपाशी. मराठी-इंग्रजी बदलायची कळ अचानक बंद पडली तर त्या ड्रायव्हरच्या नंतर कोण बसला ते बघा, आणि दोघांचा क्रम उलटा करा. दोघांची कळ एकच असेल तर एकाची बदला.

उतरवतानाही हाच हिशेब. जिनिंगच्या अरुंद फाटकातून एकामागे एक बंड्या आत गेल्या, तर बाहेर निघताना शेवटची आधी निघणार. मधलाच टीएसआर उतरवला तर त्याच्यावर बसलेल्याने जपून ठेवलेला पत्ता रिकाम्या जागेचा होतो, आणि पुढची कळ दाबताच मशीन थिजतं. "उतरवता येत नाही" असं टीएसआर स्वतःहून सांगत असेल तर त्याचं ऐका, जबरदस्ती नको.

सिरियल पोर्टचं भांडण वेगळं. कॉम१ आणि कॉम३ दोघे आयआरक्यू ४, म्हणजे इंटरप्टची ४ क्रमांकाची वाट, वापरतात, कॉम२ आणि कॉम४ आयआरक्यू ३. काटा कॉम१ वर आणि माउस कॉम३ वर असेल तर माउस हलताच वजन गोठणार. माउस कॉम२ वर न्या. काटा कायम आकडे पाठवत राहणारा असेल तर इंटरप्ट इतक्या भराभर येतात की डॉसचे स्टॅक (अर्धवट थांबवलेल्या कामांची नोंद ठेवायची जागा) संपतात, आणि "इंटर्नल स्टॅक ओव्हरफ्लो" दिसतं. कॉन्फिग.सिसमध्ये "स्टॅक्स=९,२५६" लिहा, तेवढ्याने भागलं नाही तर पहिला आकडा वाढवा.

ईएमएम३८६ च्या ओळीनंतर लगेच किंवा एखादं कार्ड वापरताच मशीन थिजत असेल, तर ईएमएम३८६ ला जी जागा रिकामी वाटली ती त्या कार्डाची असते. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं) किंवा जुनं नेटवर्क कार्ड असलेल्या मशीनवर हे आधी तपासावं. कार्डाच्या पुस्तिकेत पत्ता असतो. तो सी८०० ते सीएफएफएफ असेल तर ओळीच्या शेवटी "एक्स=सी८००-सीएफएफएफ" लिहा, म्हणजे ती जागा सोडली जाते. पुस्तिका हरवली असेल तर आधी "एक्स=ए०००-एफएफएफएफ" लिहून सगळंच सोडायला सांगा. मशीन सुधारलं तर संशय खरा, मग टप्प्याटप्प्याने जागा परत घ्या.

"पॅक्ड फाइल इज करप्ट" हे सगळ्यात फसवं. फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते. तुम्ही डॉस वर नेलं, टीएसआर वर नेले, आणि पहिल्या ६४ केबीत कधी नव्हे ती मोकळी जागा झाली. काही जुने आवळून बांधलेले प्रोग्राम तिथे चढले की स्वतःला उलगडताना चुकतात. प्रोग्रामच्या नावाआधी "लोडफिक्स" लिहा, पहिले ६४ केबी भरून टाकले जातात आणि प्रोग्राम वर चढतो.

७. स्मार्टड्राइव्ह आणि लोडशेडिंग

स्मार्टड्राइव्ह डिस्कवरचा मजकूर मेमरीत धरून ठेवतो, त्याने वेग वाढतो. पण तो लिहायचा मजकूरही धरून ठेवू शकतो आणि डिस्कवर काही सेकंदांनी उतरवतो. एमएस-डॉस ६.० मध्ये हार्डडिस्कसाठी हे आपोआप चालू असतं. जिथे वीज जात नाही तिथे ते ठीक आहे.

आपल्याकडे काय होतं? भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन पडतं, बाबू एंटर मारतो, पडद्यावर नोंद दिसते. ती नोंद अजून मेमरीतच असते. तेवढ्यात लाइट जाते. यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळे खाऊन बसलेली, ती मिनिटभरही धरत नाही. लाइट येईपर्यंत ट्रॉली गंजीवर रिकामी झालेली. आता भरलेलं वजन कुठेच नाही आणि कापूस ढिगात मिसळला. शेतकरी एक आकडा सांगतो, दिवाणजी दुसरा. हे भांडण कोणताही संगणकवाला मिटवू शकत नाही.

नुसतं "स्मार्टड्राइव्ह" टाइप करा. एक तक्ता येतो, त्यात "राइट कॅश" खाली सी ड्राइव्हपुढे "यस" असेल तर आजच बदला. ऑटोएक्झेकमधल्या त्याच्या ओळीत पुढे नुसतं "सी" लिहिलं, अधिकचं चिन्ह न लावता, की फक्त वाचन धरलं जातं, लिखाण थेट डिस्कवर. ६.२ पासून "/एक्स" लिहूनही सगळ्या ड्राइव्हचं लिखाण धरणं बंद करता येतं. रात्री मशीन बंद करण्याआधी "स्मार्टड्राइव्ह /सी" ची सवयही चांगली, पण वीज विचारून जात नाही म्हणून त्या सवयीवर विसंबू नका. वेग थोडा कमी होईल. एका पावतीला किती वेळ लागतो असा!

पावत्या आधीच गेल्या असतील तर "चेकडिस्क /एफ" किंवा "स्कॅनडिस्क" चालवण्याआधी काट्याच्या डेटा फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्ती करताना हे प्रोग्राम तुटलेले तुकडे वेगळ्या नावांनी ठेवतात, मग मूळ फाइल आखूड होते.

८. रॅम आणि व्हायरस

डॉस ६.२ चा हायमेम चालू होताना मेमरी तपासतो. तो "अनरिलायबल एक्सएमएस मेमरी" म्हणाला तर टीएसआरचा दोष नाही. जिनिंगमध्ये रुईचे तंतू पेटीत शिरून सगळीकडे बसतात. वीज काढून, पेटीच्या धातूला हात टेकवून, रॅम काढा, पाय खोडरबरने हलके घासा, पुन्हा घट्ट बसवा. तरी तोच निरोप आला तर रॅम बदला. रॅम विकत आणायची वेळ येते ती ही.

व्हायरससाठी "चेकडिस्क"च्या खालच्या ओळींत एकूण मेमरी बघा. ६,५५,३६० बाइट हवी. काही बायोस स्वतःसाठी १ केबी घेतात, तेव्हा ६,५४,३३६ दिसते, तेही ठीक. मशीन पूर्वी पूर्ण दाखवत होतं आणि आता २ केबी किंवा अधिक कमी दाखवतं, तर बूट सेक्टरमध्ये (डिस्कच्या सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या भागात) कोणी बसल्याचा संशय घ्या. तोही टीएसआरच, फक्त तुमच्या दोन्ही फाइलींच्या आधी चढलेला, म्हणून एफ५ ने जात नाही. १९९० च्या सुमारास भारतात सापडलेला "जोशी" याच जातीचा. ५ जानेवारीला मशीन अडवायचा आणि "हॅपी बर्थडे जोशी" टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. जुन्या फ्लॉप्यांच्या डब्यांतून असे पाहुणे अजून निघू शकतात. अशा वेळी ऐकीव माहितीवर "एफडिस्क /एमबीआर" मारू नका. काही व्हायरस, उदाहरणार्थ "मंकी", डिस्कच्या विभागांचा तक्ता झाकून ठेवतात आणि स्वतःच तो उलगडून दाखवतात. त्यांना असं पुसलं की डिस्क रिकामी दिसायला लागते.

मशीन बदललं असेल तर

फ्रीडॉस टाकलं असेल आणि ऑटोएक्झेकमध्ये काहीही बदललं तरी फरक पडत नसेल, तर मशीन बहुधा एफडीऑटो.बॅट आणि एफडीकॉन्फिग.सिस वाचत आहे, बदल तिथे करा. विंडोज एक्सपीच्या डॉस खिडकीसाठी सिस्टिम३२ मधल्या ऑटोएक्झेक.एनटी आणि कॉन्फिग.एनटी. ६४ बिट विंडोजवर १६ बिट डॉस प्रोग्राम थेट चालतच नाहीत, तिथे टीएसआर शोधत बसू नका. आणि वेगवान मशीनवर सुरू होतानाच "रनटाइम एरर २००" आला तर मेमरीचा संबंध नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांच्या वेगमोजणीच्या भागाकाराचं उत्तर जलद प्रोसेसरवर ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि प्रोग्राम "शून्याने भागाकार" अशी चूक दाखवून थांबतो. त्यासाठी प्रोग्रामच दुरुस्त करावा लागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात डेटा जातो.

पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि त्या प्रवाहाने सिरियल पोर्टही जळतात.

काट्याचा डिस्प्ले किंवा त्याची जोडणी पेटी उघडू नका. त्यावर वैध मापन शास्त्र विभागाची मोहोर असते. ती तुटली तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून काम करून काटा पुन्हा पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, तोवर त्यावर तोलता येत नाही. संगणकवाल्याची हद्द केबलच्या टोकाला संपते.

वजनं बरोबर पण खात्याची बेरीज जुळत नसेल, किंवा व्हायरसचा संशय पक्का झाला असेल, तरीही थांबा.

फोन करण्याआधी प्रिंटरला कागद लावून तीन गोष्टी छापून ठेवा: "टाइप ऑटोएक्झेक.बॅट > पीआरएन", तसंच कॉन्फिग.सिस, आणि "मेम /सी > पीआरएन". हे तीन कागद समोर असले तर बरंचसं काम फोनवरच होतं, आणि येणाऱ्याचा गाडीखर्च वाचतो.